‘मिलिटरी डिस्पोजल’ म्हणून विकले गेलेले जिप्सीचे इंजिन

मारुती जिप्सीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. ताडोबातील सफारीपासून सह्याद्रीतल्या घाटवाटांपर्यंत ही गाडी अजूनही वापरात आहे, पण तिचे चांगले, चालू अवस्थेतील जुने इंजिन मिळवणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. या टंचाईचा फायदा घेऊन परराज्यातील एका व्यापाऱ्याने मला जिप्सीचे इंजिन म्हणून दुसऱ्याच गाडीचे, फुटलेले आणि क्रमांक खोडलेले इंजिन विकले. जे कोणी स्वतःच्या अंगणात इंजिन बदलण्याचे काम हाती घेणार आहेत, त्यांनी पैसे पाठवण्यापूर्वी हे वाचावे, एवढ्यासाठीच सविस्तर लिहीत आहे.

माझी गाडी जिप्सी किंग, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी), म्हणजे १२९८ सीसीच्या, सोळा व्हॉल्व्हच्या जी-१३-बीबी इंजिनाची. घाटात रेडिएटरचा पाइप फुटून इंजिन तापले, हेडने (सिलेंडरांवरच्या झाकणाने) बाक घेतला आणि एका सिलेंडरला ओरखडे पडले. माझ्या परिचयाच्या मिस्त्रींचा सल्ला असा होता की हेड, बोअर आणि क्रँक यांचे काम करत बसण्यापेक्षा त्याच प्रकारचे चालू फुल इंजिन मिळाले तर खर्च कमी येईल आणि माउंटिंग, वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) यांपैकी कशालाही हात लावावा लागणार नाही. काम घरीच करायचे ठरले. लोखंडी अँगलची चौकट, दोन टनांची चेन पुली आणि गिअरबॉक्सला खालून आधार द्यायला ट्रॉली जॅक एवढी सामग्री जमवली, तर जिप्सीचे इंजिन उतरवणे हे फार मोठे काम नाही. बॉनेट आणि रेडिएटर काढून, पेट्रोलच्या लाइनमधला दाब सोडून, वायरिंगच्या प्रत्येक कप्लरला चिठ्ठी बांधून आम्ही ते व्यवस्थित खाली घेतले होते.

विक्रेता जुन्या सुट्या भागांच्या एका मोठ्या बाजारातला होता. त्याच्या जाहिरातीत ‘मिलिटरी डिस्पोजल, कमी चाललेले, जिप्सी एमपीएफआय फुल इंजिन’ असे लिहिलेले होते. लष्कराने जिप्सी मोठ्या संख्येने वापरली आणि वापरातून काढलेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात, हे सर्वांनाच माहीत आहे. त्यामुळे हा दावा ऐकताक्षणी खरा वाटतो, आणि नेमके हेच त्याचे भांडवल असते. पुरावा म्हणून त्याने लिलावातल्या लॉटच्या सुटका-आदेशाचे (माल ताब्यात देण्याच्या कागदाचे) छायाचित्र पाठवले. त्यावर लॉटचा क्रमांक होता, शिक्का होता, गाड्यांची संख्या होती. परंतु एकाही इंजिनाचा क्रमांक नव्हता. असा कागद त्या लॉटविषयी काही सांगत असेल, पण तुमच्यासमोर ठेवलेले लोखंड त्याच लॉटमधले आहे हे तो सिद्ध करत नाही.

इंजिन चालू असल्याची चित्रफीत मी मागितली, तर त्याने तासाभरात पाठवली. लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेले इंजिन एका चावीत सुरू झाले, आवाज स्वच्छ होता. क्रमांक दाखवा म्हटल्यावर दुसरी चित्रफीत आली, त्यात ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक जवळून दिसत होता. पुढे पोलिसांना दाखवण्यासाठी दोन्ही चित्रफिती शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा पहिल्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह कव्हरवरचा एक बोल्ट गंजलेला आणि दुसऱ्याचा तोच बोल्ट नवा असल्याचे स्पष्ट दिसले. चालणारे इंजिन एक होते आणि विकले जाणारे दुसरे. थंड इंजिनाच्या क्रमांकापासून सुरुवात करून, कॅमेरा न थांबवता, ते सुरू होईपर्यंतचे सलग चित्रण विक्रेता देत नसेल, तर बाकीच्या चित्रफितींना काहीही किंमत नाही.

सौदा ६२ हजारांना ठरला. दहा हजार टोकन, उरलेली रक्कम माल ट्रान्सपोर्टला लागल्याची बिल्टी (मालवाहतुकीची पावती) दाखवल्यावर. जुने इंजिन एक्स्चेंजमध्ये दिल्यास आठ हजार कमी करतो, असेही तो आग्रहाने म्हणत होता. त्याला मी नकार दिला, कारण गाडीच्या नोंदणीतील इंजिन हातातून घालवण्याचे काहीच कारण नव्हते. बिल्टी खरी होती, ट्रान्सपोर्ट कंपनीही खरी होती आणि खोकेही खरोखरच आले. म्हणूनच ही फसवणूक पैसे घेऊन गायब होणाऱ्यांच्या फसवणुकीपेक्षा अधिक घातक आहे. बँक, पोलिस, ट्रान्सपोर्ट, सगळ्यांना विक्रेता सांगू शकतो की माल तर पाठवला आहे, आता वाद फक्त दर्जाचा आहे.

खोके उघडण्यापासूनचे सर्व चित्रण आम्ही करून ठेवले. सगळे इंजिन चंदेरी रंगाने नुकतेच रंगवलेले होते, इतके की हेड आणि ब्लॉक यांच्या जोडावरही रंग बसला होता. ज्या इंजिनाला तेल-धुळीचे एकही पूट नाही, ते झाकण्यासाठीच रंगवलेले असते, असे मिस्त्री म्हणाले. आणि पुढे निघाले तेही तसेच. आम्ही इंजिन टांगून खालून पाहिले, तेव्हा तळाच्या, तेल साठवणाऱ्या चेंबरचा आकार माझ्या चेंबरशी जुळेना. जिप्सीत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि त्याच्याखाली पुढचा अ‍ॅक्सल असतो, म्हणून तिचे चेंबर त्या अ‍ॅक्सलला जागा सोडून बनवलेले असते. एस्टीम ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, तिच्यात याच जी-१३-बीबी प्रकारचे इंजिन आडवे बसते. त्यामुळे चेंबर, तेल खेचणारी नळी, माउंटिंगचे ब्रॅकेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांची मांडणी वेगळी असते. माझ्यासमोर टांगलेले इंजिन एस्टीमचे होते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण विक्रेत्याचा पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावरच उभा होता. दोन्ही गाड्यांच्या इंजिनाचा प्रकार एकच असल्यामुळे एस्टीमचा ब्लॉक जिप्सीत बसवता येतो. स्वतःच्या जुन्या इंजिनाचे चेंबर, तेलाची नळी, ब्रॅकेट, फ्लायव्हील वगैरे उतरवून त्यावर चढवणारे कारागीर आहेतच. विक्रेत्याने फोनवर हेच सांगितले, ‘सर, इंजिन तर तेच आहे, तुमच्या मिस्त्रीला काम येत नाही.’ पण जिप्सीचे, लष्करी लिलावातले, कमी चाललेले आणि बसवायला तयार असे सांगून एस्टीमचे विकणे, आणि ज्या जुन्या भागांवर ते बसवणे अवलंबून आहे तेच भाग एक्स्चेंजमध्ये मागणे, याला तांत्रिक मतभेद म्हणता येत नाही. मी जुने इंजिन दिले असते, तर हे इंजिन बसवण्याचा कोणताच मार्ग माझ्याकडे उरला नसता.

तरीही ब्लॉक तरी चांगला आहे का, हे पाहण्यासाठी आम्ही स्टार्टर बसवण्याची सोय करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब मोजला. या इंजिनाला प्रमाण दाब १४०० किलोपास्कल, म्हणजे सुमारे २०३ पीएसआय असतो. १२०० किलोपास्कल, म्हणजे सुमारे १७४ पीएसआय ही खालची मर्यादा. आणि सिलेंडर-सिलेंडरमधला फरक १०० किलोपास्कलपेक्षा, म्हणजे सुमारे १४ पीएसआयपेक्षा जास्त असू नये. पहिला आणि चौथा सिलेंडर १५० पीएसआयच्या आसपास थांबले, दुसरा आणि तिसरा ६० च्या वर गेले नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलेंडर असे एकत्र पडले की पहिला संशय त्यांच्यामधल्या हेड गॅसकेटवर (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पत्र्यावर) जातो. विक्रेत्याला लेखी कळवून, दोन साक्षीदारांसमोर, छायाचित्रे घेत आम्ही हेड उघडले. गॅसकेट त्या दोन सिलेंडरांमध्ये जळालेले होते, त्यावर सिलिकॉनचा थर लावलेला होता, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकला पाण्याच्या वाटेजवळ गेलेला तडा वेल्डिंग करून, घासून, रंगाखाली लपवलेला होता. चेंबर खोलल्यावर आतून मधासारखे घट्ट तेल निघाले. बेअरिंगचा खडखडाट आणि तेलाचा पडलेला दाब थोडा वेळ लपवायचा असेल, तर तेलात असे घट्ट करणारे द्रव्य मिसळतात. बेअरिंगच्या वाट्यांवरचा वरचा थर झिजून तांबे उघडे पडले होते. दुरुस्त करून वापरावे असे त्यात काहीच उरले नव्हते.

एवढ्यावर हा विषय पैशांचा राहिला असता. परंतु ब्लॉकवरचा क्रमांक रॉकेलने पुसून उजेडात पाहिला, तेव्हा ती जागा ग्राइंडरने खोलगट झालेली दिसली आणि अक्षरे वेगवेगळ्या उंचीची, एकेक हाताने ठोकलेली होती. मूळ क्रमांक खोडून त्यावर दुसरा टाकलेला होता. यातली जोखीम पैशांपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि घरी काम करणाऱ्या माणसाला ती सहसा कोणी सांगत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत केलेल्या बदलाला नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते आणि बदल केल्यापासून चौदा दिवसांत तो कळवून नोंदणी प्रमाणपत्रात दुरुस्ती करून घ्यावी लागते. म्हणजे इंजिन बदलले की त्याचा क्रमांक कधी ना कधी आरटीओच्या तपासणीत उघडा पडणारच. तो क्रमांक चोरीच्या गाडीचा निघाला, तर चोरीची मालमत्ता बाळगल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली प्रश्न मला विचारले जाणार, विक्रेत्याला नव्हे. चोरीच्या नोंदी तपासण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ ही सेवा नागरिकांना उपलब्ध आहे. इंजिन कोणत्या गाडीतून काढले, तिचा नोंदणी आणि चासी क्रमांक काय, हे विक्रेत्याने टोकन घेण्यापूर्वी लेखी दिले तर ही तपासणी घरबसल्या करता येते, आणि जो ते देत नाही त्याच्याकडून इंजिन घेऊ नये.

मी तो ब्लॉक बसवण्याचा विचार तिथेच सोडला आणि दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला. अर्ज देण्यात उशीर केला असता, तर खोडलेल्या क्रमांकाचे इंजिन माझ्या अंगणात का आहे, याचे उत्तर देणे अवघड झाले असते. पोलिसांनी तपासले तेव्हा वर ठोकलेला क्रमांक दुसऱ्या राज्यातील एका चालू नोंदणीच्या मोटारीचा निघाला. खालचा मूळ क्रमांक कोणता, याचा तपास अजून चालू आहे.

दरम्यान विक्रेत्याने फसवणुकीचा दुसरा डाव टाकला. इंजिन परत पाठवा, पैसे परत करतो, पण त्याआधी परतीच्या ई-वे बिलाचे साडेचार हजार रुपये शुल्क भरा, असा संदेश आला. पन्नास हजारांपेक्षा जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल लागते हे खरे, पण ते शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य तयार होते; त्याला शुल्क नसते. या संदेशामुळे मी त्याने दिलेले जीएसटीचे बिल काळजीपूर्वक वाचले. जीएसटी क्रमांकाची पहिली दोन अक्षरे म्हणजे राज्याचा संकेतांक. महाराष्ट्राचा २७, दिल्लीचा ०७, उत्तर प्रदेशाचा ०९. बिलावरचा पत्ता एका राज्याचा आणि संकेतांक दुसऱ्याच राज्याचा होता. त्याच्यापुढची दहा अक्षरे पॅनची असतात आणि पॅनचे चौथे अक्षर धारक कोण आहे ते सांगते. बिल भागीदारी संस्थेच्या नावाने होते, तिथे ‘एफ’ असायला हवे होते, पण होते व्यक्तीचे ‘पी’. हाच क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर घातला तर तो भलत्याच व्यवसायाच्या नावावर दिसतो. ही पडताळणी टोकन देण्यापूर्वी कोणालाही मोबाइलवर करता येते.

पैसे यूपीआयने गेले असल्यामुळे सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावरही तक्रार नोंदवली आणि ज्या खात्यात रक्कम गेली त्यातील उरलेला थोडा भाग गोठवला गेला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे स्वतंत्र तक्रार केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती विक्रेत्याच्या गावी जाऊन करावी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. ज्यांच्याकडे अशाच चंदेरी रंगाचे इंजिन आले आहे, त्यांनी ते भंगारात देऊ नये, क्रमांकाच्या जागेवर सॅंडपेपर फिरवू नये, आणि बिल्टी, खोक्यावरची चिठ्ठी, संदेश व कॉलच्या नोंदी जपून ठेवाव्यात. पोलिसांनी आणि आयोगाने माझ्याकडे याच गोष्टी मागितल्या.

जिप्सीत शेवटी तिचे स्वतःचेच इंजिन परत बसले. लेथवर हेड सपाट करून घेतले, बोअर वाढवून अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा घातल्या, क्रँक घासून पाव मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग बसवली, टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप नवा घातला. या सगळ्याचा खर्च त्या ६२ हजारांच्या आतच आला. चारही सिलेंडर आता १८५ ते १९० पीएसआय दाखवतात, आणि नोंदणी प्रमाणपत्रातील इंजिन क्रमांक कायम राहिल्यामुळे आरटीओकडे कोणताही बदल कळवावा लागला नाही.