पन्नास रुपये फीच्या डॉक्टरांची चिठ्ठी: सात महिन्यांनंतर एकच तक्रार

दवाखाना बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, खासगी. नाव देत नाही, कारण बाकावर आधीच जागा नसते आणि पुढे तक्रारही करायची आहे. फी ५० रुपये, पंधरा दिवसांत परत दाखवलं तर काही नाही. शुगर-बीपीचा रुग्ण, विमा नाही आणि खिसा बेताचा, अशांचे औषधांचे पैसे हे डॉक्टर वाचवतात. ते कसं, हे थेट वापरातून.

खरी वस्तू म्हणजे त्यांची चिठ्ठी. ब्रँड नाही, औषधाचंच नाव, तेही मोठ्या सुट्या अक्षरांत: मेटफॉर्मिन ५००, अ‍ॅम्लोडिपिन ५, टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १०. ही हौस नव्हे. शेड्यूल एचच्या (डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या) औषधाचा ब्रँड लिहिला असेल तर त्याच्या जागी दुसऱ्या कंपनीची गोळी द्यायला दुकानदाराला नियमाने मनाई आहे, म्हणजे जनऔषधी केंद्रात (स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात) ती चिठ्ठी निरुपयोगी. दुसरं, ते जोडगोळ्या फोडतात. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र न देता वेगळ्या लिहितात, कारण सुट्या गोळ्यांना सरकारची कमाल किंमत आहे, बहुतेक जोडगोळ्या त्या यादीत नाहीत. शिवाय सुटी मेटफॉर्मिन आणि अ‍ॅम्लोडिपिन पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, फुकट मिळतात. म्हणून क्रम ठरलेला: आधी पीएचसी, तिथं साठा नसेल ते जनऔषधीत, उरलेलं मेडिकलमध्ये.

मेडिकलमध्ये मात्र सावध. चिठ्ठीवर फक्त औषधाचं नाव असलं की कंपनी दुकानदार निवडतो, आणि ज्यात त्याला जास्त सुटतं तीच बहुधा पुढे येते. काही जेनेरिक स्ट्रिपांवर एमआरपी भरमसाट छापलेली असते आणि त्यावर दहा टक्के कमी करून उपकार केल्यासारखं दाखवतात. एनपीपीए या औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं ‘फार्मा सही दाम’ अ‍ॅप मोबाईलवर असू द्या, औषधाचं नाव टाकलं की किंमत दिसते. काउंटरवर मोबाईल बाहेर काढला तरी पुरतं.

आता तक्रार. डॉक्टर ‘१ महिना’ लिहितात, गोळ्यांचा आकडा लिहीत नाहीत. क्षुल्लक वाटेल, पण हिशेब करा. कुणाची स्ट्रिप १० ची, कुणाची १५ ची, कुणाची १४ ची. दोन १४ च्या घेतल्या तर २८, दोन दिवस कोरडे. तिसरी घेतली तर बारा जास्त. चार औषधं चार वेगवेगळ्या तारखांना संपतात आणि प्रत्येक वेळी वडापचं (शेअर जीपचं) भाडं गोळीपेक्षा जड. १०, १४ आणि १५ यांचा लसावि २१०. म्हणजे एकाच दिवशी सुरू केलेल्या तिन्ही स्ट्रिपा एकाच दिवशी संपायला सात महिने. मलाही या दवाखान्यात जायला लागून तेवढेच झाले.

स्ट्रिप कापून मागा, असं सोपं उत्तर आहे. दुकानदार कुरकुरतो, पण त्याचंही पूर्ण चूक नाही. बॅच नंबर आणि एक्स्पायरी स्ट्रिपच्या एका टोकाला असते. ते टोक कापून गेलं की उरलेला तुकडा विकता येत नाही आणि कंपनी परतही घेत नाही. दुसऱ्या टोकाकडून कापायला सांगा, एक्स्पायरीचा फोटो काढून ठेवा. जनऔषधीत बहुतेक स्ट्रिपा १० च्या, तिथं हा त्रास कमी.

पहिले दोन महिने मी सॅम्पलच्या गोळ्यांसाठी या डॉक्टरांना पैकीच्या पैकी गुण दिले असते. आता मत बदललं आहे. सॅम्पल आठवडाभर पुरतं, मग रुग्ण तेच पाकीट घेऊन मेडिकलमध्ये जातो आणि ‘हीच गोळी द्या’ म्हणतो. फुकटची गोळी पुढे वर्षभर महाग पडते. सॅम्पल घ्यायचंच तर त्यावरचं औषधाचं नाव आणि मात्रा आधी चिठ्ठीशी ताडून पाहा.

इन्सुलिनमध्ये मात्र हे डॉक्टर खरे पैसे वाचवतात: पेन नाही, कुपी. १० मिलीच्या कुपीत दर मिलीला ४० युनिट, एकूण ४००. दिवसाला २० लागत असतील तर वीस दिवस. दिवसाला १० च लागत असतील तर उघडल्यापासून साधारण २८ दिवसांत २८० संपतात, १२० टाकून द्यावे लागतात, तेव्हा ‘कुपी स्वस्त’ हे डोळे झाकून मानू नका. ४० च्या कुपीला लाल टोपणाचीच सिरिंज. नारिंगी टोपणाची १०० वाली घेऊन २० च्या रेघेपर्यंत भरलं तर शरीरात ८ च युनिट जातात आणि मग ‘शुगर का उतरत नाही’ म्हणून गोळ्या वाढतात. उलटं झालं, १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये, तर अडीचपट डोस. ते जिवावर बेतू शकतं. गोळ्यांबाबतही एक सावधगिरी: अर्धी करायची ती साधी, मधोमध रेघ असलेली गोळी. एसआर किंवा ईआर (औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली मेटफॉर्मिन मोडायची नाही, औषध एकदम सुटतं.

तपासण्यांत हात आखडता, आणि बरोबरच. एचबीए१सी रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवते, दर महिन्याला करणं म्हणजे पैसे ओढ्यात. शुगर स्थिर असेल तर वर्षातून दोनदा, औषध बदललं तर तीन महिन्यांनी. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, वर्षातून एकदा ते सोडत नाहीत.

मोठ्या आजाराचं प्रकरण वेगळं. ‘विमा नाही’ म्हणणाऱ्यांकडे रेशन कार्ड बहुधा असतं, आणि ‘आरोग्य कर्नाटक’ या सरकारी योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या (उपचाराच्या ठरलेल्या दराच्या) ३० टक्के, कमाल दीड लाखापर्यंत मदत आहे. पण खासगी डॉक्टरची चिठ्ठी रेफरल म्हणून चालत नाही. तातडीचं नसेल तर आधी सरकारी रुग्णालय, तिथून रेफरल. डॉक्टर हे सांगतात, फक्त उशिरा सांगतात. आधार आणि रेशन कार्डावरचं नाव आधी जुळवून घ्या: मराठी माणूस इंग्रजीत ज्ञानेश्वर ‘डी’ने सुरू करतो, कन्नड कारकून ‘जे’ने, आणि आधार-रेशनची जोडी तिथंच तुटते. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकानं विरोध केला. त्या भरवशावर कोल्हापूरची गाडी पकडण्याआधी तिथल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) फोन करा.

गोळ्यांच्या आकड्याच्या तक्रारीचं उत्तर अखेर असं निघालं: पुढच्या भेटीला रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत न्यायच्या, उरलेल्या गोळ्या मोजून डॉक्टरांना सांगायच्या, ‘टेल्मिसार्टन ३० गोळ्या, अ‍ॅम्लोडिपिन १८ लिहा’. ते लिहितात. न मागता एकदाही लिहिलेलं नाही.