गोलाईतल्या दोन जर्स्या: एक पिवळी, एक पट्ट्यांची

लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या दुकानातून फुटबॉलची जर्सी घेणार असाल, तर ब्राझीलची डोळे झाकून घ्या. अर्जेंटिनाची घेणार असाल तर आधी ती उलटी करा, बगलेतली शिवण बघा आणि मगच पैसे काढा. घाईत असाल तर एवढं वाचून पुढं गेलात तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते.

मी औशाला राहते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस शिवते, जूनमध्ये शाळेच्या गणवेशांचं काम असतं. थोरला लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करतो, धाकटा आठवीला आहे. थोरला अर्जेंटिनाचा, धाकटा ब्राझीलचा. यात माझ्या भावाचा हात आहे. १९८६चा वर्ल्डकप त्यानं शेजाऱ्यांच्या घरी दूरदर्शनवर बघितला. सगळी गल्ली अर्जेंटिनाच्या मॅराडोनासाठी वेडी झालेली, आणि हा एकटा ब्राझील धरून बसला तो आजपर्यंत. धाकट्याला त्यानंच नादी लावलं. मामाच्या विरुद्ध बोलायला मजा येते म्हणून थोरला दुसऱ्या बाजूला गेला, असा माझा अंदाज. २०२५च्या दिवाळीला दोघांनी शर्ट-पँट नको म्हणून सांगितलं. जर्सी पाहिजे, आणि "मम्मी, तू शिवलेली नको."

ऐकून घेतलं आणि गोलाई गाठली.

गंजगोलाईतून निघणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एकावर हे खेळाच्या सामानाचं दुकान आहे. बाहेर दोरीवर जर्स्या टांगलेल्या, आत कॅरमपासून डंबेल्सपर्यंत सगळं. गिऱ्हाईक म्हणजे क्लासची पोरं. बीडची, परभणीची, नांदेडची, होस्टेलवर राहणारी. संध्याकाळी तासभर मोकळं मिळतं त्यात मैदान गाठायचं, तर अंगात काहीतरी पाहिजेच. मालक म्हणाला, आयपीएलच्या खालोखाल याच दोन रंगांचा माल जातो. ट्रायल रूम नाही. पोरं दुकानाच्या पायरीवर उभं राहून शर्टावरच जर्सी चढवून बघतात. साइज लहान येतो, एल म्हणजे आपला एम समजा. नुसती जर्सी साडेतीनशे, शॉर्टसकट साडेपाचशे, नंबर टाकायचे वेगळे. कंपनीची असली चार-पाच हजारांच्या घरात जाते, तेव्हा इथं ही लोकल आहे हे कुणी लपवत नाही. मला ते आवडलं.

आता पिवळी. कापड बारीक जाळीचं पॉलिस्टर, हाताला गुळगुळीत, ताणून सोडलं की जागेवर येतं. खांद्याच्या शिवणीत आतून पट्टी टाकलेली आहे. हे काम सहसा स्वस्त मालात वाचवतात आणि मग खांदा लोंबतो. बाहीला आणि खाली दुहेरी टीप, कडेचा ओव्हरलॉक दाट, धागे कापलेले. माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं कापड, कमी ठेवलीय, पण अशा ताणणाऱ्या विणीच्या कापडाला तेवढी पुरते. गळ्याची हिरवी रिब, म्हणजे ताणणारी पट्टी, गोल बसते, कुठं चुणी नाही. रंगाबद्दल मात्र बोलते. तो हळदीच्या अंगाचा पिवळा पाहिजे होता, हा लिंबाकडं झुकलाय. धाकट्याला विचारलं तर म्हणे चालतंय.

हा पिवळा रंग ब्राझीलचा पहिल्यापासून नाहीच. आधी ते पांढरे घालायचे. १९५०ला वर्ल्डकप त्यांच्याच घरी होता आणि माराकाना स्टेडियममधल्या शेवटच्या सामन्यात उरुग्वेनं त्यांना २-१नं हरवलं. मग पांढरा अपशकुनी ठरला. एका वर्तमानपत्रानं नव्या कपड्यांच्या डिझाइनची स्पर्धा ठेवली. अट अशी की झेंड्यातले चारही रंग आले पाहिजेत. पिवळा, हिरवा, निळा, पांढरा, हे चार एकाच अंगावर घालायचे म्हणजे तुम्ही शिवणारे असाल तर तुम्हाला अडचण लगेच कळेल. बँडवाल्याचा पोशाख व्हायला वेळ लागत नाही. जिंकला तो विशीच्या आतला एक पोरगा, आल्दिर श्ली. त्यानं शर्ट पिवळा धरला, कडा हिरव्या, चड्डी निळी आणि तिला पांढरी पट्टी, मोजे पांढरे. झालं. आणि तो राहणारा उरुग्वेच्या सीमेवरच्या गावचा, मनानंही उरुग्वेकडचा! १९५४च्या वर्ल्डकपपासून तेच कपडे. मला विचाराल तर या सगळ्या फुटबॉलात खरी हुशारी त्या पोराची.

पट्ट्यांच्या जर्सीकडं येते. इथं दुकानाचा कस लागतो आणि इथंच ते पडतं.

पट्ट्याचं कापड शिवणं हे साध्या कापडाचं काम नाही. कापतानाच पट्ट्यावर पट्टा बसवावा लागतो, कापड जास्त जातं, वेळ जास्त जातो. गणवेशाच्या चौकड्याच्या शर्टाला खिसा लावतानासुद्धा आम्ही चौकडा जुळवतो, नाहीतर हेडमास्तर सोडा, पोरांच्या आया परत आणून टाकतात. या जर्सीत खांद्यावर पुढचा निळा पट्टा येतो आणि मागच्या पांढऱ्यावर आदळतो. डाव्या बगलेत अर्धा पट्टा उरलाय, उजवीकडं दीड. हे पट्टे विणलेले नसतात, पांढऱ्या पॉलिस्टरवर उष्णतेनं रंग उतरवलेला असतो, त्याला सबलिमेशन म्हणतात. छापताना तुकडा जरा सरकला की सगळा पट्टा तिरका. शिवणीजवळ ताणून बघितलं तर आतली पांढरी रेघ दिसते. मी चार-पाच नग उलटे करून बघितले, कमी-जास्त सगळ्यांत तेच. त्यातल्या त्यात बरी होती ती निवडली. दुकानातला पोरगा माझ्याकडं असा बघत होता की मी सोनं पारखायला आलेय.

वर बिल्ल्यावर तारे दोनच. अर्जेंटिनानं वर्ल्डकप जिंकले १९७८, १९८६ आणि २०२२ला, म्हणजे तीन पाहिजेत. पोराला विचारलं तर, "मावशी, डिझाइनच तसं येतं." थोरल्यानं तिथंच त्याला कतारची फायनल ऐकवली, ३-३, मग पेनल्टीवर फ्रान्सला ४-२. आवाज चढला तसा मालक गल्ल्यावरून उठून आला. त्यानं बिल्ला बघितला आणि सरळ कबूल केलं की हा आधीचा माल आहे. मी म्हटलं, जुना माल तर भावही जुना लावा. तीनशेला दिली. तिसरा तारा मी घरी येऊन जरीच्या धाग्यानं भरला. छापलेल्या दोघांपेक्षा तो उठून दिसतो. धाकटा लगेच म्हणाला, "आमचे पाच आहेत, एकपण भरावा लागला नाही." थोरला म्हणाला, पाचवा २००२चा, तेव्हा तू जन्मलापण नव्हतास.

तारा भरताना थोरला मशीनजवळ बसून सांगत होता त्यातली एक गोष्ट ऐकून मी सुई थांबवली. १९८६ला मेक्सिकोत इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनाला निळे शर्ट घालायचे होते. असलेले शर्ट जाड, भर दुपारचा सामना, ऊन मरणाचं. प्रशिक्षक बिलार्दो यांनी माणूस पाठवून मेक्सिको सिटीच्या दुकानातून हलके निळे शर्ट आणवले. रातोरात बायकांकडून त्यावर बिल्ले शिवून घेतले आणि पाठीवर चंदेरी नंबर इस्त्रीनं चिकटवले. त्या शर्टात मॅराडोनानं ते दोन गोल केले, एक हातानं ढकललेला आणि एक अर्धं मैदान पळून केलेला. तो शर्ट २०२२ला लंडनमध्ये लिलावात ७१ लाख पौंडांना गेला. बिल्ला शिवणाऱ्या बाईला किती दिले असतील, हे काही कुणी सांगत नाही.

यावर धाकट्यानं मोबाइलमध्ये शोधून त्यांचीही तशीच गोष्ट काढली, हार मानायची नाही म्हणून. १९५८ची फायनल स्वीडनशी, स्वीडनमध्येच. दोघांचेही शर्ट पिवळे, बदलायची पाळी ब्राझीलवर आली. त्यांनी स्टॉकहोमच्या दुकानातून निळे शर्ट घेतले आणि पिवळ्यांवरचे बिल्ले उसवून त्यावर शिवले. खेळाडू रंग बदलला म्हणून धास्तावले, तर पथकाच्या प्रमुखानं सांगितलं की निळा हा आपल्या अपारेसिदा मातेच्या, म्हणजे ब्राझीलमध्ये पुजल्या जाणाऱ्या मेरीमातेच्या, वस्त्राचा रंग आहे. ५-२नं जिंकले, पहिला वर्ल्डकप. म्हणजे एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या दोन शेजाऱ्यांनी आपापले मोठे सामने बाजारातून आणलेल्या लोकल शर्टात, घाईनं शिवलेल्या बिल्ल्यांवर मारलेत. तेव्हा "लोकल घातलंस काय रे" म्हणून कुणी क्लासमध्ये हसलं तर पोरांनो, हे सांगा.

नंबर छापायचं काम दुकानात मागच्या बाजूला, हीट प्रेसवर होतं. नाव-नंबराला दीडशे. थोरल्याला अर्थातच दहा आणि मेस्सी, ते तयारच कापून ठेवलेलं असतं, लगेच होतं. धाकट्यासाठी पोरगा नेमारचं काढत होता, तर यानं हात धरला. मार्चमधल्या सामन्याचा राग होता तो. २६ मार्च २०२५ला, आपल्याकडं पहाटे साडेपाचला, ब्यूनस आयर्समध्ये अर्जेंटिनानं ब्राझीलला ४-१ हाणलं होतं. मेस्सी नव्हता, नेमारही नव्हता. मी नळाचं पाणी भरत होते आणि थोरला होस्टेलवरून फोन करून धाकट्याला एकेक गोल सांगत होता, जसं काही याला दिसतच नव्हतं. चौथ्या मिनिटाला अल्वारेझ, बाराव्याला एन्झो फर्नांडेझ. ब्राझीलकडून कुन्यानं एक परत केला तेव्हा धाकट्यानं फोन उचलणं सुरू केलं, पण तेवढ्यापुरतंच. दोन-तीन दिवसांत ब्राझीलच्या प्रशिक्षकाला घरी बसवलं. धाकटा त्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून शाळेत गेला नाही. तर, मैदानात नसलेल्या माणसाचं नाव पाठीवर नको, असं त्याचं म्हणणं. ब्राझीलच्याच विनिसियसचा सात घेतला. तो कापून छापायला बराच वेळ बसावं लागलं. आकडा मात्र सरळ बसलाय, दोन्ही खांद्यांपासून अंतर सारखं. मी पट्टीनं मोजलं. अर्जेंटिनाचा दहा काळ्या रंगात आहे, ते बरं. निळा-पांढऱ्यावर दुसरं काही वाचताच आलं नसतं.

भाऊबीजेला भाऊ आला, दोघं जर्स्या घालून ओवाळणीच्या वेळी पाटाशेजारी उभे. मग काय, जेवायची ताटं गार झाली. एकूण सामन्यांत कोण पुढं यावर भांडण. ते मिटणं शक्यच नाही, कारण जुने कुठले सामने धरायचे यावर त्या दोन देशांच्या बोर्डांचाच हिशोब जुळत नाही. भावानं वर्ल्डकपपुरतं बोला म्हटलं. चार वेळा समोरासमोर आले, १९७४ आणि १९८२ ब्राझीलचे, १९७८ बरोबरी, १९९० अर्जेंटिनाचा. त्या नव्वदच्या तुरिनच्या सामन्यावर तो अजून चिडतो. ब्राझीलचे फटके खांबाला लागत राहिले आणि शेवटी मॅराडोनानं एक पास दिला, कनिजियानं गोल केला, १-०. शिवाय ब्रँको या ब्राझीलच्या खेळाडूनं आरोप केला होता की अर्जेंटिनाच्या माणसांनी दिलेलं पाणी पिऊन आपल्याला गरगरलं. मॅराडोनानंच पुढं टीव्हीवर हसत त्या बाटलीची गोष्ट सांगितली. थोरल्यानं मामाला पाणी वाढलं तेव्हा मामानं तांब्या आधी त्यालाच प्यायला लावला.

धुण्याचं सांगते, कारण दुकानात कुणी सांगत नाही. आमचं बोअरचं पाणी जड. पहिल्या धुण्यात पिवळीच्या गळ्याची हिरवी रिब थोडी सुटली, आणि खाली फिकट हिरवा डाग आला. लगेच गार पाण्यात मीठ टाकून भिजवली, बराचसा गेला. पहिल्यांदा वेगळी धुवा. पट्ट्यांचा रंग तसूभरही हलला नाही, छपाई पक्की आहे. नंबरावरून इस्त्री फिरवू नका, उलटी करून वाळत घाला. माझ्या शेजारणीच्या मुलाचा नंबर गरम इस्त्रीला चिकटून निघाला, आणि दुकान म्हणालं छापलेला माल परत होत नाही. न छापलेला मात्र साइज बदलून देतात, चिठ्ठी जपून ठेवा. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही.

पिवळीला पाचपैकी चार. पट्ट्यांच्या जर्सीला अडीच, त्यातला अर्धा मालकानं माल जुना असल्याचं न लपवल्याबद्दल. नाव-नंबराच्या छपाईला साडेतीन. थोरल्याचं म्हणणं, अडीच लिहून मी पक्षपात केला. गल्लीतल्या पोरांना पूर्ण टीमसाठी अर्जेंटिनाच्याच पाहिजेत. मालकाला सांगून आलेय, खांद्यावर पट्टे जुळवून देणार असाल तर ऑर्डर तुमची, नाहीतर छापलेलं कापड न शिवता द्या, शिलाई मी करते. तो म्हणाला विचार करून फोन करतो. धाकट्याला वाटतं त्यानं करूच नये.