लक्स डिस्क एन्क्रिप्शन, काही महिन्यांच्या वापरानंतर: पासवर्ड बरोबर, तरी लॅपटॉप उघडेना

लिनक्सवर लक्स (लिनक्सची डिस्क कुलूपबंद करायची पद्धत) वापरून पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून बरेच महिने झाले. वेग, बॅटरी, रोजचं काम, कशाचीच तक्रार नाही. प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय (एन्क्रिप्शनचं गणित झटपट करणारी सोय) असेल तर एन्क्रिप्शन चालू आहे हे जाणवतसुद्धा नाही, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, एका साध्या अपडेटनंतर रीस्टार्ट केलं आणि रोजचा पासवर्ड लॅपटॉपने घेतलाच नाही.

‘नो की अव्हेलेबल विथ धिस पासफ्रेज.’ बस, एवढंच. कॅप्स लॉक पाहिला. एकेक अक्षर सावकाश दाबलं. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून) बूट करून तिथे डिस्क उघडायचा प्रयत्न केला, तिथेही तोच नकार. बोटांना पाठ असलेला पासवर्ड रातोरात कसा विसरेल माणूस? पण अशी शंका एकदा मनात शिरली की खरंच आठवेनासं होतं. शेवटचा आकडा एक होता की दोन, पहिलं अक्षर मोठं होतं का, काही सांगता येईना.

लॅपटॉप कंपनीच्या मदत केंद्रावर उत्तर तयारच होतं. “मॅडम, हार्ड डिस्क गेली असेल. फॉर्मॅट करून देतो, डेटाची जबाबदारी आमची नाही.” अहो, डिस्क गेली असती तर पासवर्ड विचारणारा पडदा आला कुठून? तोही त्याच डिस्कवरून येतो ना! यावर पलीकडे शांतता. डेटा रिकव्हरीवाले आणखी पुढचे. तपासणीचे पैसे आधी भरा, ते परत मिळणार नाहीत, आणि डेटा मिळेलच असंही नाही. न उघडलेल्या डिस्कचे पैसे मी का देऊ?

खरं म्हणजे इथे त्यांच्या हातात फारसं काही नसतंच. लक्सच्या नव्या आवृत्तीत, लक्स-2 मध्ये, पासवर्डवर आर्गॉन-2 हे किल्ली बनवणारं गणित चालतं, आणि ते मुद्दाम संथ ठेवलंय: नेहमीच्या सेटिंगमध्ये एका प्रयत्नाला साधारण 2 सेकंद आणि 1 जीबीपर्यंत मेमरी. पासवर्डमधली फक्त 2 अक्षरं आठवत नसतील, तर कीबोर्डवरच्या 95 चिन्हांतून 9,025 जोड्या होतात. मशीन त्या पाच तासांत तपासेल. 3 अक्षरं विसरलात तर वीसेक दिवस. 4 विसरलात तर पाच वर्षांहून जास्त. म्हणजे बहुतेक पासवर्ड आठवत असेल तर स्क्रिप्ट लावून बसण्यात अर्थ आहे. काहीच आठवत नसेल तर कुणालाही पैसे देऊ नका.

इथपर्यंतचं मी लॅपटॉप बंद असतानाच दुसऱ्या मशीनवर खरडून ठेवलं होतं, आणि एक तारा द्यायचा हेही ठरलं होतं. आता लॅपटॉप उघडलाय. मत बदललंय, पण राग गेलेला नाही.

झालं असं की वैतागून ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूतल्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये गेले आणि जुना कर्नल निवडला. तोच पासवर्ड, तीच बोटं, आणि डिस्क पहिल्या फटक्यात उघडली! नव्या कर्नलवर परत नकार. म्हणजे मी काहीही विसरले नव्हते.

कारण सापडलं ते असं. इन्स्टॉल करताना मी इंग्लिश (यूके) भाषा निवडली आणि कीबोर्डची मांडणीही ब्रिटिश धरली गेली. माझ्या कीबोर्डवर छापलेली मांडणी अमेरिकन आहे. ब्रिटिश मांडणीत शिफ्ट आणि 2 दाबलं की @ येत नाही, दुहेरी अवतरणचिन्ह येतं. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके, त्यामुळे मला वाटत राहिलं @, आणि साठवलं गेलं अवतरणचिन्ह. पुढे डेस्कटॉपवर मी मांडणी अमेरिकन केली, पण बूटच्या वेळी पासवर्ड विचारणारी छोटी फाइल, इनिटरॅमएफएस, जुन्याच मांडणीवर राहिली. म्हणून सगळं सुरळीत चाललं. नवा कर्नल आला तशी ती फाइल नव्याने बनली, नव्या मांडणीसह. जुन्या कर्नलची जुनी फाइल जागेवर होती म्हणून वाचले. मध्ये नको असलेलं काढून टाकणाऱ्या ‘ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल पुसले असते, तर हे कोडं सुटायला काही धागाच उरला नसता. आता नव्या कर्नलवरही @ च्या जागी अवतरणचिन्ह दिलं की दार उघडतं.

माझा सगळा राग त्या मुक्या पडद्यावर आहे. वेब ब्राउझरमध्ये डोळ्याचं चित्र दाबून पासवर्ड दिसतो, मग ज्या एका पासवर्डवर सगळा डेटा टांगलेला आहे तिथे का नाही? निदान कोपऱ्यात ‘यूके’ की ‘यूएस’ एवढं तरी दाखवा. काही थीममध्ये दिसतं म्हणे, माझ्या नाही. विंडोजवाल्यांना आपण नावं ठेवतो, पण त्यांच्या डिस्क एन्क्रिप्शनची, बिटलॉकरची, 48 आकडी रिकव्हरी की बघा. सहा-सहा आकड्यांचे 8 गट, प्रत्येक गटाला 11 ने निःशेष भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर गट तिथल्या तिथे अडतो. आमच्याकडे? चुकलं, एवढंच कळतं. कुठे, ते तुम्ही शोधा.

आता मत का बदललं ते. लक्समध्ये डेटा तुमच्या पासवर्डने एन्क्रिप्ट होतच नाही. डेटाची खरी किल्ली वेगळी असते, आणि डिस्कच्या सुरुवातीला, हेडरमध्ये, ती छोट्या कप्प्यांत कुलूपबंद ठेवलेली असते. लक्स-2 मध्ये असे 32 पर्यंत कप्पे, लक्स-1 मध्ये 8. प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र पासवर्ड चालतो. म्हणजे दुसरा, कागदावर लिहून ठेवलेला पासवर्ड घालायची सोय मुळातच आहे! माझ्या इन्स्टॉलरने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी लगेच दुसऱ्या कप्प्यात लांबलचक पासवर्ड घातला, फक्त छोटी अक्षरं आणि आकडे, चिन्ह एकही नाही. लक्स हाताळणाऱ्या क्रिप्टसेटअप या प्रोग्राममध्ये डिस्क न उघडता पासवर्ड तपासायची सोय आहे, तिने तो तपासून मग कागदावर उतरवला.

तुमचं मशीन सध्या चालू असेल आणि पासवर्डबद्दल जराही शंका असेल, तर बंद करू नका. चालू मशीनमध्ये किल्ली मेमरीत असते आणि फाइली उघड्या असतात. आधी कॉपी काढा, बाकीचं नंतर. (हाच मुद्दा उलटाही लागू पडतो: नुसतं झाकण मिटून स्लीपमध्ये टाकलेला लॅपटॉप चोराच्या हाती लागला तर किल्ली त्यातच असते.)

हेडरचीही प्रत काढली. लक्स-2 ची फाइल साधारण 16 एमबीची होते. हेडर खराब झालं तर बरोबर पासवर्डही काही करू शकत नाही, आणि ही प्रत त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही. मात्र पासवर्ड कुणाला कळला म्हणून बदललात, तर जुनी प्रतही पुसा, कारण ती जुन्या पासवर्डने अजून उघडते. माझी जुनी प्रत पुसून झाली, नवी पेनड्राइव्हवर आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. मदत केंद्राचा फोन मात्र अजून येतोय, फॉर्मॅट कधी करायचं विचारायला.