पॉप की आयमॅप?

थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये खातं जोडताना हा प्रश्न येतोच. दोन्ही सर्व्हरवरून, म्हणजे मेल पुरवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरून, मेल आणायच्या पद्धती. पॉप, पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) ९९५, मेल उतरवून आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतं. सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण काढलेली असेल तर तिथून पुसूनही टाकतं. मी नेमकं हेच केलं. दादरच्या ऑफिसात मेल उतरले आणि संध्याकाळी कर्जत लोकलमध्ये, कसाबसा एक हात मोकळा करून फोन उघडला तर इनबॉक्स रिकामा! आयमॅप, पोर्ट ९९३, मेल सर्व्हरवरच ठेवतं. फोनवर जे, तेच डेस्कटॉपवर. मात्र इथे डिलीट केलं की तिथूनही गेलं. मेलबॉक्सची जागा तुटपुंजी असेल तर पॉप चालेल, बॅकअप घेत असाल तरच. माझं मत आयमॅपला. मेल येतात पण जात नाहीत? मग या दोघांचा दोष नाही; एसएमटीपीचा, म्हणजे मेल पाठवायच्या पद्धतीचा, पोर्ट बघा, ५८७ किंवा ४६५.