जिल्हा जनगणना पुस्तिका (रत्नागिरी, २०११): फुकट आहे, घेऊन ठेवा

५ पैकी ४ स्टार. जनगणना म्हणजे देश १२१ कोटींचा झाला एवढंच कळायला असते असं मला वाटायचं, गावाशी तिचा काय संबंध. मग ग्रामसभेत आरोग्य उपकेंद्राचा ठराव झाला, अर्ज घेऊन गेलो तर टेबलावरच्या साहेबांनी लोकसंख्येचा आधार कुठाय म्हणून कागद परत हातात दिले. तेव्हा आमच्या गुरुजींनी ही पुस्तिका सांगितली, जनगणनेच्या सरकारी वेबसाइटवर पीडीएफ मिळते.

उघडली आणि बघतच राहिलो. जिल्ह्यातलं प्रत्येक गाव आहे हो! पहिल्या भागात सोयी, शाळा, दवाखाना, पोस्ट, एसटी, पाणी नळाचं की विहिरीचं. सोय गावात नसेल तर किती लांब तेही, ए म्हणजे ५ किमीच्या आत, बी म्हणजे ५ ते १०, सी म्हणजे १० च्या पुढे. आमच्या गावासमोर उपकेंद्राला बी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला सी. आई शेजारी बसलेली, तिला दाखवलं तर म्हणाली, "म्हंजे सरकारला ठाव होता!" त्याच पानाची प्रिंट जोडली, अर्ज घेतला.

दुसऱ्या भागात घरं, बाया-पुरुष, ६ वर्षांपर्यंतची पोरं, शिकलेले, शेतकरी, शेतमजूर. जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका, राज्यात ९२९. वाचून आधी बरं वाटतं, पण माणूस राहतो तिथे मोजला जातो आणि आमचे बापये मुंबईत, म्हणून हा आकडा. २००१ ला जिल्हा १६.९७ लाखांचा होता, २०११ ला १६.१५ लाख. गावातली बंद घरं रोज दिसतात, तरी हे छापलेलं बघून पोटात कालवलं.

एक स्टार का कापला, तर एक म्हणजे पुस्तिका इंग्रजीत आहे, गावच्या माणसाला मराठीत हवी होती. आणि आकडे जुने झालेत, २०२१ ची जनगणना कोरोनात पुढे गेली ती गेलीच, अन्न सुरक्षा कायद्याचं रेशन किती लोकांना द्यायचं ते अजून २०११ च्या लोकसंख्येवरच ठरतंय. माझी धाकटी त्यानंतर जन्मली, ती यात कुठेच नाही. आता नव्या जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ धरलीय आणि जातीचीही नोंद होणार आहे, तर प्रगणक दारात आला की त्याला उभ्याउभ्या वाटेला लावू नका, बसवा, पाणी द्या आणि सगळं नीट सांगा.

पीडीएफमध्ये शोधताना गावाचा ६ आकडी कोड टाका, नावाने गेलात तर बुद्रुक-खुर्दमध्ये आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये अर्धा दिवस जाईल.