हेडसेट घरात की फ्लोअरवर?

माझ्या मावसबहिणीच्या हातात सध्या कॉल सेंटरच्या नोकरीच्या दोन ऑफर आहेत. एक पुण्यात खराडीची: अमेरिकन प्रोसेस, म्हणजे तिकडच्या ग्राहकांचं काम, रात्रपाळी, न्यायला-सोडायला कॅब. दुसरी साताऱ्यात राहून घरूनच करायची: विमा कंपनीच्या ग्राहकांचे हिंदी-मराठी इनबाउंड, म्हणजे त्यांच्याकडून येणारे, कॉल, दिवसपाळी, पण पगार महिन्याला साडेतीन हजारांनी कमी. "ताई, तू दोन्ही केलंयस, सांग कुठली घेऊ," म्हणून तिचा फोन आला. मी तीन वर्षं फ्लोअरवर, म्हणजे कॉल सेंटरच्या ऑफिसात, बसले आणि २०२० पासून घरून कॉल घेते आहे. तिच्याशी तासभर बोलले, आणि मग वाटलं, हाच प्रश्न पडलेल्या बाकीच्यांसाठीही लिहून ठेवावं.

आधी एक शंका मिटवते. घरून कॉल घेणं नियमात बसतं का? बसतं. पूर्वी कॉल सेंटरला दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे, आणि एजंटला घरी बसवायचं तर बँक गॅरंटीसारख्या इतक्या अटी होत्या की कुणी त्या वाटेला जात नसे. लॉकडाउनमध्ये सवलत मिळाली, तिची मुदत वाढत गेली, आणि ५ नोव्हेंबर २०२० ला नवे नियम आले. नोंदणीची अट गेली आणि घरी बसलेला एजंट हा सेंटरचाच दूर बसलेला एजंट मानला जाऊ लागला. त्यामुळे उद्या कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं, तर तो कंपनीचा निर्णय असतो. सरकारी नियमाचं कारण कुणी पुढे केलं तर विश्वास ठेवू नका.

वाचलेला वेळ कुणाचा

फ्लोअरची शिफ्ट कागदावर नऊ तासांची असते. धायरीहून खराडीला जाताना माझा पिकअप सव्वाचारला आणि लॉगिन साडेसहाला, कारण कॅब वाटेत अजून चौघांना घ्यायची. पहाटे साडेतीनला लॉगआउट, घरी पोचेपर्यंत पाच. दिवसातले जवळपास तेरा तास घराबाहेर. त्यात मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे गेली की आपली शिफ्ट तासभर अलीकडे येते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा तासभर पुढे सरकते, आणि कशीबशी बसलेली झोपेची घडी विस्कटते.

रात्रीचा प्रवास ही घरच्यांची पहिली हरकत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही. संमतीनं ठेवलं, तर तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची जबाबदारी मालकाची असते. कॅब ही सोय म्हणून सांगितली जाते, पण रात्रपाळीच्या बाईचा तो हक्क आहे. कुणी तुम्हाला पहाटे चारला नोडल पॉइंटवर, म्हणजे मुख्य चौकात, सोडायचं म्हणत असेल, तर ती ऑफर घेऊ नका.

घरून काम घेतलं की हा सगळा प्रवास एका फटक्यात संपतो. मला पहिल्या महिन्यात वाटलं, दिवसाचे चार तास परत मिळाले. दुसऱ्या महिन्यात कळलं, ते स्वयंपाकघरानं घेतले. "घरीच तर आहेस" हे वाक्य कुणी वाईट मनानं म्हणत नाही. सासूबाई म्हणतात, सिलेंडरवाला येईल तेवढं बघ. शेजारची म्हणते, पार्सल घेऊन ठेव. लॅपटॉपवर लिहिण्याचं काम असतं तर उठता आलं असतं. इनबाउंडमध्ये कॉल कधी पडेल ते आपल्या हातात नसतं, आणि ब्रेक मोजून मिळतात: पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन, अर्ध्या तासाचा एक. दाराची बेल वाजली म्हणून एजंट उठत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. मी ते सांगायला सहा महिने लावले.

एक कॉल मला अजून आठवतो. इंदूरच्या एक आजी होत्या, नवऱ्याच्या पॉलिसीचा क्लेम अडकला होता. मी कागदपत्रं समजावून सांगत होते आणि आत कुकर लावलेला. पहिली शिट्टी, दुसरी, तिसरी. मी बोलत राहिले. आजी मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "बेटा, पहले गैस बंद कर लो, मैं रुकती हूँ." मी म्यूट करून धावत जाऊन गॅस बंद केला, परत आले, क्लेमची नोंद पूर्ण केली. आजींनी दोनदा आशीर्वाद दिले. त्या आठवड्यात क्वालिटीवाल्यांनी, म्हणजे कॉल तपासून गुण देणाऱ्यांनी, नेमका तोच कॉल ऐकला. मागचा आवाज, विनापरवानगी होल्ड, आणि गुण शून्य. इन्सेन्टिव्ह गेला. त्या दिवसापासून कॉलच्या वेळेत आमच्याकडे कुकर लागत नाही. पण घर आणि काम एकाच भिंतीच्या आत आलं की काय होतं, ते मला त्या तीन शिट्ट्यांनी दाखवलं.

शिवी ऐकल्यावर शेजारी कोण असतं

दोन्हीकडे काम करून मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते हे आहे. पगार, प्रवास, कॅब सगळे मोजतात. हे कुणी मोजत नाही.

फ्लोअरवर माझा दुसरा महिना होता. टेक्सासचा एक माणूस बिलावरून ओरडायला लागला, मग घाण बोलायला लागला. माझा आवाज कापायला लागला तशी बाजूच्या मुलीनं स्वतःचा कॉल चालू असताना एका हातानं माझ्या खांद्यावर थोपटलं आणि दुसऱ्या हातानं टीएलला, म्हणजे टीम लीडरला, खूण केली. टीएल मागे येऊन उभे राहिले, माझ्या टेबलावरच्या चिठ्ठीवर "होल्ड, मी घेतो" लिहिलं, आणि उरलेला कॉल त्यांनी घेतला. मी पाच मिनिटं पॅन्ट्रीत जाऊन चहा प्यायले. ते कुठल्या हजेरीत बसवलं ते मला आजही माहीत नाही.

घरून काम करताना तसलाच कॉल एका दुपारी आला. मदतीसाठी चॅटवर टाकलं, उत्तर यायला चार मिनिटं लागली, तोवर मी सगळं ऐकून घेतलं. कॉल तुटला, दहा सेकंदांत पुढचा पडला. तो संपता संपता मुलगी कंपासपेटी शोधत खोलीत आली आणि मी तिच्यावर ओरडले. तिची काहीच चूक नव्हती. ऑफिसातून निघाल्यावर कॅबमधल्या दीड तासात जी शिवी विरून जायची, ती आता थेट माझ्या लेकीवर उतरली. हे मला फार लागलं, आणि घरून काम घेणाऱ्या प्रत्येकीला मी हे आधी सांगते.

म्हणून प्रोसेस कुठली आहे ते नीट विचारा. घरून करायच्या कामासाठी मला ज्या विचारणा आल्या, त्यात कर्जवसुली बरीच होती. वेळेच्या दृष्टीनं ती सोयीची वाटते, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. पण शिव्या, रडणं, धमक्या सगळ्यात जास्त तिथेच. एकटीनं, घरात बसून ते काम करायला मी कुणाला सुचवणार नाही. चौकशीचं, क्लेमचं, अपॉइंटमेंटचं इनबाउंड घरून बरं पडतं.

आणि वरिष्ठ किंवा सहकारी घाणेरडं बोलला, रात्री-अपरात्री व्हिडिओ कॉल करायला लागला, तर "तू तर घरीच होतीस" हे उत्तर ऐकून घेऊ नका. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही येतं. तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडेच करायची.

पैसे

बहिणीपुरता हिशोब सोपा निघाला. खराडीचा पगार साडेतीन हजारांनी जास्त, पण चंदननगरला तिनं पाहिलेल्या पीजीचं भाडं जेवणासकट नऊ हजार. जी पुण्यातच राहते, तिचा हिशोब उलटा येईल.

घरच्या बाजूला जे खर्च ऑफरमध्ये लिहिलेले नसतात, ते आधी मांडा. ब्रॉडबँड, खुर्ची, वाढलेलं लाईट बिल, आणि लाईट गेल्यावरची सोय. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी निघतात, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. माझे पहिले चार गुरुवार वाया गेले. राउटरला लावायचा छोटा यूपीएस घेतला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला, लॅपटॉपला बॅटरी असतेच. ज्यांना कंपनी डेस्कटॉप देते त्यांना इन्व्हर्टरशिवाय गत्यंतर नाही. सातारच्या पावसाळ्यात बहिणीला तो लागेलच.

नेटच्या वेगाला फार भुलू नका. एका कॉलच्या आवाजाला साधारण १०० केबीपीएस पुरतात, म्हणजे अगदी साध्या प्लॅनचाही छोटासा हिस्सा. त्रास होतो तो लाईन डळमळली की. आवाज पोचायला दीडशे मिलिसेकंदांच्या वर वेळ लागायला लागला की आपण आणि ग्राहक एकमेकांच्या बोलण्यात घुसायला लागतो, आणि ग्राहकाला वाटतं ही बाई मला बोलूच देत नाही. वायफाय सोडून राउटरपासून केबल ओढा. दीड-दोनशे रुपयांचं काम आहे.

एक प्रश्न मुलाखतीत तोंडावर विचारा: लाईट किंवा नेट गेलं तर ते तास पगारी की बिनपगारी? मी विचारला नव्हता. आधीच्या एका कंपनीनं दोन तासांच्या खंडाला अर्धा दिवस कापला, महिन्यात तीनदा. फ्लोअरवर लाईट गेली तर जनरेटर लावणं हे कंपनीचं काम असतं. घरी तो धोका गुपचूप आपल्या अंगावर येतो.

ऑफरच्या कागदात काय बघायचं

फ्लोअरच्या नोकरीत तुम्ही सहसा कर्मचारी असता. पगाराची चिठ्ठी, पीएफ, आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा. घरच्या ऑफरमध्ये कधी कधी "प्रति कॉल" किंवा "प्रति मिनिट" असा दर असतो आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक आहात. म्हणजे पीएफ नाही, ईएसआय नाही, आजारपणाची रजा नाही, आणि कॉल आले नाहीत त्या दिवशी कमाई नाही. अशी दोन कागदं शेजारी ठेवून नुसते आकडे ताडून बघू नका.

लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, नोंदणी शुल्क असं काहीही आधी मागणारा नोकरी देणारा नसतो. त्याचप्रमाणे स्क्रिप्ट वाचल्याशिवाय होकार देऊ नका. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या आयकर खात्याच्या नावानं घाबरवून पैसे उकळले जात होते. शेकडो कर्मचारी चौकशीत अडकले, आणि त्यातले कितीतरी पगारावर ठेवलेले तरुण होते. ग्राहकाला घाबरवायला सांगणारी, कंपनीचं खरं नाव लपवायला लावणारी स्क्रिप्ट दिसली की हेडसेट खाली ठेवा, मग ते घर असो की चकचकीत इमारत.

शिकणं, बढती, आणि खोली

नवख्या मुलांना मी पहिले सहा महिने फ्लोअरच सुचवते. ट्रेनिंगमध्ये प्रॉडक्ट शिकवतात. रागावलेल्या माणसाला कधी बोलू द्यायचं, कधी मध्ये पडायचं, हे बाजूच्या खुर्चीवरच्या सीनियरचे कॉल कानावर पडूनच कळतं. घरून सुरू केलेल्या मुली हुशार असूनही प्रत्येक अडलेल्या कॉलला होल्डवर टाकतात, हँडल टाइम, म्हणजे एका कॉलला लागणारा वेळ, वाढतो आणि बोलणी खातात. बढतीतही फ्लोअरवाले पुढे जातात, हे मी स्वतः पाहिलंय. माझ्या बॅचमधले जे दोघं क्वालिटीत गेले, ते दोघंही ऑफिसात परतलेले होते.

लहान बाळ असलेल्या आयांसाठी २०१७ पासून कायद्यात तरतूद आहे: कामाचं स्वरूप तसं असेल तर २६ आठवड्यांच्या रजेनंतर कंपनीशी ठरवून घरून काम करता येतं. जरूर मागा. फक्त बाळाला सांभाळणारं दुसरं माणूस घरात असेल तरच. मांडीवर बाळ घेऊन इनबाउंड होत नाही.

राहिली खोली. बँकेच्या किंवा कार्ड पेमेंटच्या प्रोसेसमध्ये टेबलावर मोबाइल, कागद, पेन काही चालत नाही, कॅमेरा चालू ठेवावा लागतो, खोलीत दुसरं कुणी नको. ते योग्यच आहे. समोरचा माणूस त्याची जन्मतारीख, आजार, खात्यातली शिल्लक सांगत असतो, आणि ते आपल्या घरच्यांच्या कानावर पडायला नको. वन-रूम किचनमध्ये पाच माणसं राहत असतील तर घरून हे काम प्रामाणिकपणे करता येत नाही. त्यांनी फ्लोअरच घ्यावा.

बहिणीला मी सांगितलं, साताऱ्याची घे, पण सुरुवातीचे तीन महिने त्यांच्या पुण्याच्या ऑफिसात बसून शिकू देतील का ते विचार, आणि लाईटचं उत्तर ईमेलवर लेखी माग. काल तिनं माळवदावरच्या खोलीचा व्हिडिओ पाठवला. दार आहे, आतून कडी आहे, खिडकीला जाड पडदा लावता येईल. खाली रस्त्यापलीकडे बँडवाल्यांचं दुकान आहे. लग्नसराईत ते सकाळी तालीम करतात की संध्याकाळी, तेवढं विचारून ये, असं सांगितलंय.