घरचं डिजिटल बीपी मशीन: ११ महिने वापरल्यावर

मशीन घेतलं तेव्हा मला सहावा लागला होता. चेकअपला बीपी १४२/९२ आलं, गोळी चालू झाली आणि मॅडमनी सांगितलं की घरी रोज सकाळ-संध्याकाळ बघा, वहीत लिहा. मनगटाचं घेऊ नका, दंडाला बांधायचंच घ्या, हेही त्यांनीच बजावलं.

आधी माझी चूक सांगते, कारण एवढे रिव्ह्यू वाचले पण हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळे म्हणतात डाव्या कुशीवर झोप, म्हणून मी तशीच पडल्यापडल्या उजव्या दंडावर पट्टा बांधून बघायचे. आकडा यायचा १२६, १२८. मी निवांत! पुढच्या चेकअपला सिस्टरनी समोर बसवून बघितलं तर १४६. कुशीवर झोपलं की वरचा हात हृदयापेक्षा उंच राहतो आणि बीपी खोटं कमी दिसतं. तेव्हापासून खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर उशी ठेवून छातीच्या लेव्हलला, आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, मध्ये कोणाशी बोलायचं नाही.

दुसरं म्हणजे पट्टा. बॉक्समधला २२ ते ३२ सेंमीचा होता, माझा दंड ३४. लहान पट्ट्यात बीपी जास्त दाखवतं, त्यामुळे मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागला.

तिसाव्या आठवड्यातली ती रात्र. संध्याकाळपासून डोकं ठणकत होतं आणि उजव्या बरगडीखाली दुखत होतं, मला वाटलं ॲसिडिटी, सासूबाईंनी ओवा दिला. अकराला बसून बघितलं, १६४/११२. पंधरा मिनिटांनी परत, १६८/११०. ह्यांनी काही न विचारता गाडी काढली. तेव्हाही झोपूनच बघत असते तर किती दिसलं असतं, हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

प्रीक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून शरीरातल्या इतर अवयवांनाही त्रास होणारा आजार. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम चालू केलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं २४ तासांच्या अंतराने दिली, तोवर प्लेटलेट उतरायला लागले आणि तिसऱ्या दिवशी सिझर. वार बाहेर आल्याशिवाय हा आजार हटत नाही, असं मॅडम म्हणाल्या. मुलगी, ११८० ग्रॅम. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) तिच्यासाठीही बीपीचा पट्टा होता, माझ्या अंगठ्याभोवती बसेल एवढा, आणि तो फुगला की तिची बोटं आवळायची. मी काचेबाहेरून तेवढंच बघत बसायचे. पुढे कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरणं, चालू झालं, ती छातीवर आली की माझा श्वास आपोआप हळू व्हायचा. ४१ दिवसांनी घरी आलो.

आणि हे नक्की वाचा: बाळंत झालं म्हणजे बीपी संपलं असं नसतं. पाचव्या दिवशी माझं परत १५८/१०४ झालं, आणि तेव्हा मी दूध काढून एनआयसीयूत द्यायच्या धावपळीत होते, स्वतःकडे बघायला फुरसतच नव्हती. मशीन पिशवीत होतं म्हणून कळलं, गोळी वाढवली. पुढे सहा आठवडे रोज बघितलं, त्यानंतर आठवड्याला एकदा.

मशीनबद्दल म्हणाल तर चांगलं आहे. दर महिन्याला दवाखान्यातल्याशी ताडून बघितलं, चार-पाचचा फरक. पण बॅटरी उतरली की पट्टा अर्धवट फुगून एरर येतो, ॲडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. मेमरीत सासऱ्यांचे आकडे माझ्यात मिसळले, म्हणून वहीच बरी. आणि घेताना गरोदरपणासाठी तपासलेलं मॉडेल आहे का ते बघाच, काही मशीन प्रीक्लॅम्प्सियात कमी दाखवतात.

लेक आता नऊ महिन्यांची, करेक्टेड एज (डिलिव्हरीच्या मूळ तारखेपासून मोजलेलं वय) पावणेसात. आधार न देता बसते. मशीन जावेला दिलंय, तिला पाचवा चालू आहे. देण्याआधी टेपने तिचा दंड मोजला, २७. बॉक्समधला पट्टा चालेल.